रुग्णालयाच्या फाटकापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

मनोरुग्णालयातून किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून रुग्ण घरी जातो, तेव्हा त्याच्या हाती एक कागद पडतो. त्यावर आजाराचे नाव, गोळ्यांची नावे, सकाळ-संध्याकाळची मात्रा आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. पुढची वाटचाल मात्र त्या कागदावर जे नसते त्यावर ठरते. हा माणूस दिवसभर काय करणार? महिन्याच्या गोळ्यांसाठी आणि तालुक्याहून शहरात येण्याच्या भाड्यासाठी पैसे कोठून आणणार? घरात त्याला खोली आहे की जिन्याखालची जागा? वडील सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांच्यानंतर कोण? वैद्यकीय भाषेत या प्रश्नांना स्थान नाही म्हणून ते कागदावर नसतात, आणि ते कोणीच हाताळत नाही म्हणून तोच रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा त्याच फाटकाशी उभा राहतो.

स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ मुदतीच्या आजारात औषधांनी भास आणि संशय पुष्कळसे ओसरतात. परंतु उठून आंघोळ करावी, चार माणसांत बसावे, कामाला हात घालावा ही उमेद गोळीने परत येतेच असे नाही. ती माणसांच्या सहवासात, नियमित कामात, थोड्याशा आर्थिक स्थैर्यात हळूहळू परतते. म्हणूनच मनोविकारांच्या उपचारात समाजातील आधारसेवा ही औषधानंतर जमल्यास पाहण्याची गोष्ट नाही. ती उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे या सेवा थोड्या आहेत हे खरे. तथापि ज्या आहेत त्यांच्यापर्यंत रुग्ण आणि त्याचे कुटुंब पोहोचत नाही, हे दुखणे अधिक मोठे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आकडे काय सांगतात

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.) त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजार असूनही उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांनुसार ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. ही झाली उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांची गोष्ट. पोहोचलेल्यांचे काय झाले, त्याचे चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत दिसले. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांतील सुमारे ३६ टक्के रुग्ण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तेथेच राहत होते. त्यांतील कित्येकांना रुग्णालयात ठेवण्याचे वैद्यकीय कारण उरलेले नव्हते. उरले होते ते एकच कारण. जायला जागा नव्हती.

महाराष्ट्रात ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. एकट्या येरवड्याची मंजूर खाटांची संख्या २,५४० इतकी राहिली आहे. गेल्या शतकातील समजूत अशी होती, की मनोरुग्णाला समाजापासून दूर, भिंतीआड ठेवणे हेच त्याच्या आणि समाजाच्या हिताचे. त्या समजुतीचे टोक ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढील पंधरा वर्षांत कायद्याची भाषा बदलत गेली.

कायदा काय देतो

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. वृत्तपत्रांतून त्यातील आत्महत्येच्या प्रयत्नासंबंधीच्या तरतुदीची चर्चा अधिक झाली. वस्तुतः सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने त्यातील कलम १८, १९ आणि ९८ अधिक उपयोगाची आहेत. ती फारशी कोणाला ठाऊक नाहीत, रुग्णालयांतील अनेकांनाही नाहीत.

कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. या सेवांमध्ये केवळ बाह्यरुग्ण विभाग आणि खाटा येत नाहीत. रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासव्यवस्था, आधारयुक्त निवास, कुटुंबाला आणि घरी राहणाऱ्या रुग्णाला आधार, समाजातील पुनर्वसन यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना आणि बेघरांना त्या मोफत मिळाल्या पाहिजेत. ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर रुग्णाला जिल्ह्यातील अन्य ठिकाणी उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च शासनाने सोसायचा असतो.

कलम १९ तर अधिक थेट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकून दिलेल्या व्यक्तीला कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी कायदेविषयक साहाय्यासह मदत करणे शासनावर बंधनकारक आहे. भावांनी वाटणी करून घेतलेल्या घरात बहिणीला किंवा धाकट्या भावाला ‘त्याला काय कळतंय’ म्हणून जागाच न ठेवण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या तरतुदीचे मोल कळेल.

कलम ९८ हे रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वीच्या नियोजनाविषयी आहे. रुग्ण घरी जाताना, किंवा त्याचा डॉक्टर बदलताना, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी, सांभाळणाऱ्या नातेवाइकांशी आणि पुढे जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरांशी सल्लामसलत करून पुढील सेवांचा आराखडा तयार केला पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे लेखाच्या आरंभी ज्या कागदाचा उल्लेख केला, त्याला जोडून दुसरा एक कागद असायला हवा. तो मागणे हा नातेवाइकांचा आगाऊपणा नाही.

मधला माणूस

सेवा आहेत, कायदा आहे, गरजही आहे. मग या तिघांची गाठ का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतातच झालेल्या काही प्रयोगांनी दिले आहे आणि ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. गाठ घालून देणारा माणूस लागतो. तो डॉक्टर असावा लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या मार्गदर्शनाखाली, तो आखला. गावात असे काही लोक असतातच, की अडल्यानडल्याला ज्यांच्याकडे चार जण सल्ल्याला जातात. अशा स्त्री-पुरुषांना निवडून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्याकडे कामे चार: उदास, चिंताग्रस्त माणूस ओळखून त्याच्याशी चार ते सहा वेळा ठरावीक पद्धतीने बोलणे, आजार गंभीर वाटल्यास त्याला सरकारी मनोविकार विभागापर्यंत नेणे, घरगुती कलह, व्यसन, बेकारी अशा विषयांवरील छोट्या चित्रफिती मोबाइलवर गावकऱ्यांना दाखवणे, आणि निवृत्तिवेतन, अनुदान, रोजगार हमी अशा सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत करणे. हे चौथे काम वरवर पाहता मानसिक आरोग्याच्या बाहेरचे वाटते. परंतु विधवा अनुदानाचा अर्ज दोन वर्षे धूळ खात पडला आहे म्हणून जिची झोप उडाली आहे, तिला नुसत्या समुपदेशनाने झोप कशी लागावी? पुढे २०१७ पासून हाच उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात अधिक विस्तृत प्रमाणावर राबवण्यात आला.

मेहसाण्याचाच आणखी एक अनुभव नोंदवण्याजोगा आहे. तेथील उनावा गावचा मीरा दातार दर्गा ‘बाधा’ झालेल्यांसाठी प्रसिद्ध आहे. एका स्वयंसेवी संस्थेने आणि गुजरात शासनाने २००८ च्या सुमारास दर्ग्यातच मनोविकारतज्ज्ञांची सोय केली आणि मुजावरांनाच रुग्ण पाठवण्यास सांगितले. ‘दवा आणि दुआ’ असे त्याचे नाव. श्रद्धेशी भांडण न मांडता रुग्ण जेथे आहे तेथून त्याला उपचारांशी जोडून देण्याचा हा मार्ग सर्वांना पटेलच असे नाही. एरवाडीचा इतिहास पाहता सावधगिरीही हवी. तरीही दर्ग्यात आलेला रुग्ण साखळीऐवजी गोळ्या घेऊन घरी जातो, ही गोष्ट लहान नव्हे.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर नैराश्यावर काम करणे हा त्याचा हेतू होता. तेथेही गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि आठवड्या-पंधरवड्याने येणारे तज्ज्ञ अशी उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले आहे. सहापट वाढ झाली हे खरे; चारांपैकी तिघे तरीही बाहेरच राहिले हेही तितकेच खरे.

स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारात हे चालेल का, याचा शोध सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी एकाच वेळी घेण्यात आला. एकूण २८२ रुग्ण त्यात सहभागी होते. काहींना केवळ दवाखान्यातील उपचार मिळाले. उरलेल्यांच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते वर्षभर जात राहिले. आजार समजावून सांगणे, औषधे चुकू न देणे, शारीरिक प्रकृतीकडे लक्ष, लोकनिंदेला तोंड कसे द्यावे याची चर्चा, स्वमदत गटाशी गाठ घालून देणे आणि अपंगत्वाचे लाभ किंवा काम मिळवण्यास साहाय्य करणे, हा त्यांचा क्रम होता. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दवाखान्याच्या जोडीला घरी येणारा कार्यकर्ता असेल तर लक्षणे आणि अक्षमता दोन्ही अधिक कमी होतात, मात्र फरक माफक असतो, असे दिसले. फरक सर्वाधिक ठळक दिसला तो तमिळनाडूच्या ग्रामीण भागात. जेथे आधीच्या सोयी सर्वांत तुटपुंज्या, तेथे अशा माणसाचा उपयोग मोठा, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

शासनाच्या व्यवस्थेत हा मधला माणूस मुळीच नाही असे नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजकार्यकर्ता यांची पदे त्यात अभिप्रेत आहेत. शहरी वाचकाला सरकारी रुग्णालयातील ‘सोशल वर्कर’ म्हणजे बिल माफ करून देणारी व्यक्ती एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात दाखले, अनुदान, निवारा, वकील, काम या साऱ्यांची दारे ठोठावण्याचे प्रशिक्षण याच व्यक्तीला मिळालेले असते. पद भरलेले असेल तर, हे सांगावे लागते.

दाखल्यांची वाट

आधारसेवांपैकी बहुतेकांची किल्ली एकच आहे: अपंगत्वाचे प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयातील मंडळाकडून करून घ्यायची. त्यावरून ‘यूडीआयडी’ कार्ड मिळते.

मानसिक आजारातील अपंगत्व मोजायचे कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्यासाठी भारतीय तज्ज्ञांनीच तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींत प्रत्येकी गुण दिले जातात. आजार किती काळचा आहे त्याचे गुण त्यात मिळवले जातात. एकूण वीसपैकी सात किंवा अधिक गुण झाले तर अपंगत्व ४० टक्के वा त्याहून जास्त धरले जाते, आणि बहुतेक लाभांची मर्यादा ४० टक्क्यांपासूनच सुरू होते. मंडळासमोर बसलेला रुग्ण त्या दिवशी शांतपणे, नीट उत्तरे देत असेल तर गुण कमी पडण्याची शक्यता असते. म्हणून मागील काही वर्षांची कागदपत्रे, दाखल असतानाच्या नोंदी, कामावरून सुटल्याचे पत्र, असे सर्व बरोबर न्यावे. आणि रोजच्या वागण्याची माहिती देऊ शकेल अशा घरच्या व्यक्तीने सोबत जावे. प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवलेली बरी.

कित्येक कुटुंबे हे प्रमाणपत्र घ्यायलाच कचरतात. कार्डावर अपंगत्वाचा प्रकार लिहिलेला असतो, मुलाचे लग्न व्हायचे असते, नोकरी लपवून टिकवायची असते. ही भीती निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रमाणपत्र घेणे सक्तीचे नाही. मिळणारा लाभ आणि सोसावी लागणारी नजर यांचा हिशेब ज्याचा त्याने, शक्यतो रुग्णाला विचारून, करावा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर गरीब कुटुंबासाठी पहिला उपयोग संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. दरमहाची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि अपंग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. उत्पन्नाची अट अतिशय कडक असल्याने मध्यमवर्गीय घरे यातून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दोन गोष्टी. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास अपंग आप्ताच्या सांभाळापोटी प्राप्तिकरात ७५ हजार रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची वजावट मिळते. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आणि त्याहून कमी ठाऊक असलेली: सरकारी कर्मचाऱ्याच्या ज्या मुलाला वा मुलीला मानसिक विकारामुळे चरितार्थ चालवता येत नाही, त्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकते. निवृत्त आईवडिलांनी आपल्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात अपत्याचे नाव नोंदवून घेतले तर पुढचे हेलपाटे वाचतात. आईवडील गेल्यानंतर आजारी मुलाने एकट्याने हे सिद्ध करत फिरावे, ही कल्पनाच करवत नाही.

महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंग कल्याणासाठी खर्च करावेत असा महाराष्ट्रात नियम आहे. त्यात मानसिक आजार असलेल्यांचा वाटा मागायला सहसा कोणी जात नाही. तिचाकी सायकल आणि श्रवणयंत्र यांतच तो संपतो. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणातही एक टक्का ज्या गटांत विभागला आहे त्यांत मानसिक आजाराचा समावेश आहे.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. ‘राष्ट्रीय न्यास’ कायदा आणि त्याखालील ‘निरामय’ आरोग्य विमा यांची माहिती पत्रकांतून मिळते आणि पालक धावपळ करतात. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार त्यात बसत नाही. मात्र खासगी आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि विमा नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये कंपन्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. दावा फेटाळला गेल्यास विमा लोकपालाकडे जाता येते.

घर म्हणजे नेमके काय

बरे झालेल्या आणि कोणी न नेलेल्या रुग्णांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेतून गेला आणि न्यायालयाने २०१७ मध्ये राज्यांना पुनर्वसनासाठी सोयी उभारण्यास सांगितले. त्यावर महाराष्ट्रात काय झाले, तर काही रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्यात आले. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल कठोर शब्दांत नाराजी व्यक्त करून हा प्रकार थांबवण्यास सांगितले. कागदोपत्री ‘पुनर्वसन’ झाले होते. एका कुलपाआडून दुसऱ्या कुलपाआड, एवढाच त्याचा अर्थ होता.

घर म्हणजे काय याचे वेगळे उत्तर चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने दिले. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ ही पद्धत चालवली. वर्षानुवर्षे रुग्णालयात काढलेल्या चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचे. सोबतीला एक प्रशिक्षित मदतनीस. भाजी कोणती आणायची, दिवा कधी मालवायचा हे त्यांनीच ठरवायचे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्यांसाठीही अशी घरे उभी राहिली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तारशा’ या प्रकल्पाने २०११ पासून मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना वसतिगृह, प्रशिक्षण आणि नोकरी अशा टप्प्यांनी स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम केले. घरचे न्यायला आले नाहीत तर स्त्रीने स्वतःच्या सहीने बाहेर का पडू नये, हा प्रश्न या कामामुळे ठळकपणे पुढे आला.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांबाबत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे कर्जत येथील काम वाचकांना परिचित असेल. रस्त्यावरून उचलून, उपचार करून, पत्ता शोधून, दूरच्या राज्यांतील गावांपर्यंत रुग्णाला पोहोचवण्याच्या या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोलकात्याच्या ‘ईश्वर संकल्प’ने निराळी वाट धरली. रुग्ण ज्या फुटपाथवर राहतो तेथेच उपचार करायचे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला किंवा दुकानदाराला गोळ्या देण्याची जबाबदारी द्यायची. तो माणूस रोज तेथे असतो, रुग्ण त्याला ओळखतो. आणखी काय पाहिजे?

असा भटकणारा रुग्ण दिसल्यास पोलिसांनी त्याला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, कोठडीत ठेवू नये, आणि बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोध घ्यावा, असे कायद्याचे कलम १०० सांगते. पोलीस ठाण्यात या कलमाचा क्रमांक उच्चारला तर पुष्कळदा फरक पडतो.

शुभार्थी आणि शुभंकर

मराठीत या क्षेत्रात दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत. आजारातून जाणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांतून आणि ठाण्याच्या आयपीएच परिवारातून ते घरोघरी गेले. पुण्याची ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली ती कॅनडातील कॅल्गरी येथे स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. परदेशात कुटुंबांना मिळणारा आधार त्यांनी जवळून पाहिला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून झाला.

स्वमदत गटात तज्ज्ञाचे व्याख्यान असतेच असे नाही. गोळी नको म्हणून ताट भिरकावणाऱ्या मुलाला कोणत्या शब्दांत समजवावे, हे ज्या आईने दहा वर्षे केले आहे तीच दुसऱ्या आईला सांगते. एखादे जोडपे पहिल्यांदा येते, मागच्या रांगेत बसते, काही बोलत नाही आणि जाताना पुढच्या सभेची तारीख विचारते. मोठ्या शहरांत असे गट आहेत. आपल्या डॉक्टरांना त्यांचा पत्ता ठाऊक नसेल तर शासनाच्या ‘टेलिमानस’ या चोवीस तासांच्या मोफत दूरध्वनी सेवेला विचारता येईल. १४४१६ हा तिचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेत मराठीतून बोलता येते.

शुभंकरांनी आणखी एक काम शुभार्थी बरा असतानाच करून घ्यावे. कायद्याप्रमाणे प्रौढ रुग्णाला स्वतःचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ साध्या कागदावर लिहून नेमता येतो आणि आजार उलटल्यास कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याची पूर्वसूचनाही नोंदवता येते. भांडण झालेल्या भावाऐवजी मित्राला किंवा आत्याला नेमायची त्याची इच्छा असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. रुग्णालयात हक्कभंग झाल्यास तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

या सर्व व्यवस्थांची नाडी कागदात आहे आणि कागद सांभाळणे हे नेमके आजारात न जमणारे काम आहे. निराधार अनुदान मिळणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्या महिन्यात तो द्यायचा त्याच महिन्यात आजार उलटला, माणूस खोलीबाहेर पडेना, तर अनुदान थांबते. अनुदान थांबले की प्रवासखर्च नाही, प्रवासखर्च नाही म्हणून गोळ्या आणायला जाणे नाही. ही साखळी तोडायला शेजाऱ्याने किंवा चुलतभावाने वर्षातून एकदा, त्या महिन्यात, रिक्षाने सोबत बँकेपर्यंत जाणे पुरते.